वाचनालयाचा रॅम्प मागच्या दाराला का नको

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय एका नोंदणीकृत न्यासातर्फे चालते. इमारत जुनी, दुमजली असून तिचे जोते रस्त्यापासून सात पायऱ्या उंच आहे. आता नूतनीकरण आणि मागच्या बाजूला वाढीव बांधकाम करायचे ठरले आहे. आर्किटेक्टने मागच्या अंगणातून ग्रंथसाठ्याच्या खोलीत उघडणारा, सुमारे सव्वासहा मीटर लांबीचा रॅम्प दाखवला आहे. अभ्यासिका वरच्या मजल्यावर राहील आणि लिफ्ट निधी जमल्यावर बसवू, असे ठरते आहे. काही विश्वस्तांचे म्हणणे असे की, व्हीलचेअर वापरणारा आपला एकही सभासद नाही आणि कोणी आलेच तर शिपाई उचलून आत नेईल. मध्यंतरी दृष्टी अधू असलेल्या एका सभासद मुलीने अभ्यासिकेत खिडकीजवळचे ठरावीक टेबल आणि स्वतंत्र दिवा मागितला होता. एकाला सवलत दिली तर इतरांवर अन्याय होईल, या कारणाने तो अर्ज नामंजूर झाला. दिव्यांगांविषयीचा कायदा आम्हाला लागू होतो का, जुन्या इमारतीला सूट आहे का, आणि किती केले म्हणजे पुरेसे होईल?
— कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय

उत्तर :

कार्यवाह महोदय,

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. कायदा आपल्याला लागू आहे आणि इमारत जुनी आहे एवढ्या कारणाने सूट नाही. ‘किती केले म्हणजे पुरेसे’ हा तिसरा प्रश्न मात्र सावकाश पाहावा लागेल, कारण विश्वस्त मंडळात झालेल्या चर्चेत दोन वेगळी कर्तव्ये एकमेकांत मिसळली गेली आहेत आणि त्यामुळे रॅम्प आणि दिवा या दोन्ही बाबतींत चुकीचा निर्णय झाला आहे, असे मला वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. सार्वजनिक इमारतीची त्यातील व्याख्या मालकीवरून ठरत नाही, वापरावरून ठरते. शासकीय असो की खासगी, जिथे सर्वसाधारण जनतेची ये-जा असते ती इमारत सार्वजनिक, आणि त्यात शैक्षणिक, व्यापारी, धार्मिक, सांस्कृतिक, वैद्यकीय अशा सर्व वापरांचा स्पष्ट उल्लेख आहे. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी व सहकारी संस्थेच्या बरोबरीने न्यासही आहे. तेव्हा ‘आपण सरकारी नाही’ हा बचाव पहिल्याच पानावर संपतो. कलम ४४ नुसार, केंद्र सरकारने घालून दिलेल्या सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला कोणत्याही आस्थापनेस बांधकाम परवानगी देता येत नाही, आणि प्रत्यक्ष बांधकाम त्या नियमांप्रमाणे झालेले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही व इमारतीचा ताबाही घेऊ देता येत नाही. आपले मागचे वाढीव बांधकाम सरळ या कलमाखाली येते. जुन्या भागासाठी कलम ४५ आहे. अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य कराव्यात, असे ते सांगते. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले, म्हणजे ती पाच वर्षे २०२२ मध्येच पुरी झाली. मुदतवाढीची तरतूद आहे, पण ती केंद्राने राज्यांना द्यायची आहे. एखाद्या संस्थेने ती स्वतःच्या ठरावाने स्वतःला देऊ नये.

दंडाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सभेत कोणीतरी विचारेलच. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी किमान पन्नास हजार ते कमाल पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते आणि साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे अशा बाबतींत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र दंडाच्या धाकाने केलेले रॅम्प मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर आज सायकली लावलेल्या असतात, म्हणून विश्वस्तांशी बोलताना या मुद्द्यापासून सुरुवात करू नये, अशी माझी सूचना आहे.

आता त्या दोन कर्तव्यांकडे येऊ. पहिले कर्तव्य सुगम्यतेचे. ते कोणा एका व्यक्तीसाठी नसते. उद्या कोण येणार हे ठाऊक नसताना, कोणी मागणी केलेली नसताना, इमारत आधीच तयार ठेवण्याचे ते कर्तव्य आहे. दुसरे कर्तव्य कायद्याच्या भाषेत वाजवी सोय करून देण्याचे. समोर एक विशिष्ट व्यक्ती आहे, तिची विशिष्ट अडचण आहे, सर्वांसाठी केलेली व्यवस्था तिला पुरत नाही, आणि म्हणून संस्थेवर अवाजवी भार न टाकता तिच्यापुरता बदल करून द्यायचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराने, जो डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने २००७ मध्ये स्वीकारला, ही दोन्ही कर्तव्ये वेगवेगळी मांडली आहेत. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदाही सेवा देणाऱ्या संस्थांकडून गरजांचा अंदाज आधीच बांधून तयारीत राहण्याची अपेक्षा करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात हाच भेद उलगडून सांगितला आहे. सुगम्यतेची तयारी आधीची आणि वाजवी सोय नंतरची. एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

आपल्या विश्वस्तांनी नेमके उलटे केले. जिथे कोणी मागण्याची वाट पाहायची नव्हती तिथे, म्हणजे प्रवेशाच्या बाबतीत, ‘असा सभासद आहेच कुठे’ असे विचारले. आणि जिथे एका व्यक्तीची मागणी समोर होती तिथे ‘सर्वांना सारखे’ असे म्हटले. व्हीलचेअरवरचा सभासद नाही हे खरे असेल, पण आपली सभासद-नोंदवही ही आजवर सात पायऱ्या चढू शकलेल्यांची यादी आहे. जे चढू शकले नाहीत त्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. शिवाय प्रश्न फक्त व्हीलचेअरचा नाही. गुडघेदुखीमुळे येणे सोडलेले जुने वाचक, बाळाची ढकलगाडी घेऊन येणारे पालक, पाय मोडून सहा आठवडे कुबड्यांवर असलेला विद्यार्थी, हे सगळे त्या पायऱ्यांपाशीच अडलेले असणार.

शिपायाने उचलून नेण्याविषयी एवढेच सांगतो. ज्या माणसाला उचलायचे आहे त्याला त्याबद्दल काय वाटेल, हे क्षणभर बाजूला ठेवले तरी, उचलताना शिपायाची पाठ, वर बसलेल्या माणसाचा तोल आणि जड विद्युत खुर्ची या तिन्हींची जबाबदारी शेवटी न्यासावर येते. प्रौढ माणसाला पुस्तक बदलण्यासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आत यावे लागणे याला कायद्याने सुगम्यता म्हटलेले नाही.

आता आराखडा. सात पायऱ्या म्हणजे, पायरीची उंची १५० मिमी धरली तर, १०५० मिमीची चढण. आपल्याकडील मानकांप्रमाणे रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे एक एकक चढण्यासाठी बारा एकक आडवी लांबी यापेक्षा, तीव्र नसावा. म्हणजे १०५० मिमीसाठी १२.६ मीटर धाव (आडवी लांबी) लागते आणि सलग चढण ७५० मिमीपेक्षा जास्त ठेवता येत नसल्याने मध्ये किमान दीड मीटरचा सपाट टप्पा द्यावा लागतो. तेवढाच टप्पा तळाला आणि माथ्यालाही हवा. आपल्या नकाशातला सव्वासहा मीटरचा रॅम्प याच उंचीवर नेला आहे, अर्थात त्याचा उतार १:६ च्या आसपास आहे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, तो हातांना विचारावा. माणूस आणि खुर्ची यांचे मिळून वजन ९६ किलो असेल तर १:१२ च्या उतारावर साधारण ८ किलोचा मागे ओढणारा भार सतत पेलत वर जावे लागते, १:६ वर तोच भार सुमारे १६ किलो होतो. उतरताना तर खुर्ची हाताबाहेर जाण्याचा धोका असतो, विशेषतः पावसात. असा रॅम्प बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा, कारण तो वापरता येईल अशी खोटी खात्री देतो. मी स्वतः व्यवसायाच्या सुरुवातीला जागा कमी पडते म्हणून १:८ चा रॅम्प एका दवाखान्याला करून दिला होता. त्यावर चढणाऱ्या पहिल्याच रुग्णाला दोघांनी मागून ढकलताना पाहिले, तेव्हापासून हा आकडा मी घासाघीस करायचा आकडा मानत नाही.

पण मला त्या रॅम्पच्या उतारापेक्षा त्याची जागा अधिक खटकते. ग्रंथसाठ्याची खोली बहुधा कुलूपबंद असणार, किल्ली ग्रंथपालांकडे असणार, म्हणजे व्हीलचेअरवरून आलेल्या वाचकाने इमारतीला वळसा घालून मागे जायचे, कोणाला तरी फोन करायचा, दार उघडेपर्यंत थांबायचे आणि गठ्ठ्यांच्या मधून वाट काढत आत यायचे. इतर वाचक याच वेळात समोरून येऊन वर्तमानपत्र वाचायला बसलेले असतात. कायद्याच्या कलम ३ ने दिलेली हमी समानतेची आणि प्रतिष्ठेने जगण्याची आहे. ती फक्त आत पोहोचण्यापुरती नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे सर्वांचे दार एकच असले पाहिजे, आणि आपल्याकडे ते शक्य दिसते. दर्शनी अंगण अकरा मीटर रुंद आहे असे नकाशावरून कळते. रॅम्प मध्यावर दुमडून ६.३ मीटरच्या दोन धावा एकमेकींना समांतर घेतल्या, तर वळणाचा टप्पा आणि दुसऱ्या टोकाचा टप्पा धरून लांबी ९.३ मीटर होते आणि प्रत्येक धावेची मोकळी रुंदी १२०० मिमी धरून, मधले व कडेचे कठडे मिळवून, सुमारे पावणेतीन मीटर खोली लागते. दुचाकी लावण्याची जागा थोडी सरकवावी लागेल. दर्शनी दगडी पायऱ्यांना हात लावू नये असे विश्वस्तांना वाटत असेल तर ते रास्त आहे, आणि त्यांना हात लावायची गरजही नाही. रॅम्प बाजूने आणून वरच्या ओट्याला जोडता येतो. इमारत वारसा यादीत असेल तर संबंधित समितीची संमती आधी घ्यावी.

पायऱ्या ठेवाव्यातच, कारण संधिवाताच्या किंवा कृत्रिम पाय वापरणाऱ्या अनेकांना लांब उतारापेक्षा थोड्या पायऱ्या सोप्या जातात, मात्र दोन्ही बाजूंना सलग कठडा हवा. तो पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिमीपर्यंत नेलेला असावा, म्हणजे दृष्टिहीन व्यक्तीला पायऱ्या संपल्याचे हातालाच कळते. पायऱ्यांच्या कडेला विरोधी रंगाची पट्टी आणि वर-खाली ३०० मिमी अलीकडे ठिपक्यांच्या इशारा-लाद्या ही कामे खर्चाने अगदी किरकोळ आहेत. तरीही तीच नेहमी राहून जातात. दगडी पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात कडा दिसेनाशा होतात, हे चष्मा लावणारा कोणीही सांगेल.

आतल्या गोष्टींत दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी, उंबरठा असलाच तर १२ मिमीपेक्षा उंच नको, आणि खुर्ची पूर्ण वळवता यावी म्हणून मोक्याच्या ठिकाणी १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा, एवढे आर्किटेक्टला ठाऊक असेलच. वाचनालयात खरी गाडी अडते ती कपाटांच्या ओळींत. दोन ओळींमध्ये ९०० मिमी अंतर ठेवले तर खुर्ची जाते, पण टोकाला वळता आले नाही तर ती उलटी आणावी लागते, म्हणून ओळीच्या टोकाशी वळणाची जागा सोडावी. वरचा कप्पा बसलेल्या माणसाच्या हाताबाहेर राहणारच. तिथे मदत मागण्याची सोय असणे पुरेसे आहे. देवघेवीच्या टेबलाचा एक भाग मात्र ७५० ते ८०० मिमी उंचीचा आणि खाली गुडघे जातील असा मोकळा हवा, नाही तर ग्रंथपाल आणि वाचक यांची भेट नेहमी टेबलाच्या कडेवरूनच होईल.

स्वच्छतागृहाबद्दल नकाशात एक ओळ आहे, ‘दिव्यांग शौचालय व साहित्य खोली’. यातले ‘व साहित्य खोली’ हे शब्द खोडावेत. २२०० × २००० मिमीची ती जागा झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्यांसाठी फार मोहक असते, आणि एकदा त्या तिथे गेल्या की शौचालय फक्त दारावरच्या चित्रात उरते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार उघडताच येत नाही.

लिफ्टविषयी माझे मत आर्किटेक्टपेक्षा वेगळे आहे. निधी आज नसेल हे मी समजू शकतो, पण लिफ्टची जागा, तळाचा खड्डा आणि तिच्या भिंती आताच बांधून ठेवा, कारण नंतर पक्का स्लॅब तोडून जागा काढणे बहुतेक संस्थांना कधीच परवडत नाही. आणि ती बसेपर्यंत अभ्यासिका वर ठेवू नका. तळमजल्यावर सध्या कार्यालय आणि सभागृह आहे. विश्वस्तांची बैठक महिन्यातून एकदा होते, अभ्यासिका रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते, तेव्हा कोणी वर जायचे हे ठरवायला कायद्याची गरज पडू नये. मात्र या अदलाबदलीला कायमचा उपाय समजून लिफ्टचा विषय बंद करू नये, कारण पूर्णत्वाचा दाखला मागताना वरच्या मजल्याचा प्रश्न पुन्हा येईलच. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून वर जिन्याजवळ धुरापासून सुरक्षित अशी थांबण्याची जागा आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी दिव्याने इशारा देणारी घंटा हेही आताच्या आराखड्यात येऊ द्या.

मानकांबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने आधी २०१६ ची आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर २०२१ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे लागू केली होती. वर उल्लेखलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) हा मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ती तत्त्वे शिफारशीच्या भाषेत असल्याने त्यांतून आदर्शाचे छत मिळत होते, पण ज्याच्या खाली कोणी जाऊच शकत नाही अशी जमीन मिळत नव्हती. म्हणून सक्तीच्या किमान बाबी वेगळ्या काढून तीन महिन्यांत नियम करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला आणि त्यानंतर पूर्णत्वाचे दाखले रोखणे, दंड करणे ही कारवाई झालीच पाहिजे असेही बजावले. यावरून ‘नियमच रद्द झाला, आता काहीच बंधन नाही’ असा अर्थ एखादा विश्वस्त काढील. तो चुकीचा आहे. कलम ४४ व ४५ जशीच्या तशी उभी आहेत. आराखडा सादर करण्याच्या दिवशी लागू असलेल्या नियमांशी तो ताडून पाहण्याचे काम आर्किटेक्टकडून लेखी करून घ्या. वर दिलेली मापे तोपर्यंत खाली जाऊ देऊ नका.

नकाशा अंतिम करण्याआधी, गावातल्या दोन-तीन दिव्यांग व्यक्तींना, शक्यतो वेगवेगळ्या स्वरूपाचे दिव्यांगत्व असलेल्यांना, बोलावून तो त्यांच्यासमोर ठेवा. त्यांना ‘पाहुणे’ म्हणून बोलावून सत्कार करू नका. सूचना मागा, त्या इतिवृत्तात लिहा, आणि जी सूचना स्वीकारली नाही तिचे कारणही लिहा.

राहिला त्या मुलीचा अर्ज. इथे अन्याय इतरांवर होत नाही, तो तिच्यावर झाला आहे. सगळ्यांना सारखाच उजेड दिला तर ज्यांना त्या उजेडात दिसते तेच वाचू शकतात. तिला दिवा मिळाल्याने कोणाचा उजेड कमी होत नाही. अधिनियमातील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे हे स्पष्टपणे समाविष्ट आहे, आणि एक टेबल राखून ठेवणे व एक दिवा बसवणे हा संस्थेवर अवाजवी भार आहे असे कोणत्याही आयुक्तांसमोर सिद्ध करता येईल, असे मला वाटत नाही. अर्ज नामंजूर करणारा ठराव पुढच्या बैठकीत मागे घ्यावा आणि तसे तिला लेखी कळवावे. टेबल खिडकीजवळचेच हवे की खिडकीच्या चकाकीने तिला उलट त्रास होतो, दिवा पिवळसर हवा की पांढरा, डावीकडून हवा की उजवीकडून, हे तिलाच विचारा, कारण दृष्टी अधू असण्याचे प्रकार अनेक आहेत आणि एकाला सोयीचा उजेड दुसऱ्याला डोळ्यांवर येतो. या कामाला ना आराखडा लागतो ना परवानगी, तेव्हा ते बैठकीपर्यंत थांबवण्याचेही कारण नाही. कार्यवाह म्हणून आपल्या अधिकारात ते याच आठवड्यात होऊ शकते.